दोन विमानं वर धडकत कशी नाहीत?

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या कारंज्याकडचं आभाळ सकाळी अगदी निवळलेलं असतं. वर पाहिलं की एक पांढरी रेघ उत्तर-दक्षिण गेलेली, दुसरी मावळतीकडून उगवतीला. धुऱ्यावर चहा पिता पिता कोणीतरी मोबाइल काढतं, विमानं दाखवणारं ॲप उघडतं आणि मग ठरलेला प्रश्न येतोच. परवा एका काकांनी स्क्रीनच माझ्या नाकासमोर धरली. "पाय बरं बापू, दोन्ही एकाच जाग्यावर आले. आता धडकतीन नाही तं काय?"

काकांच्या मोबाइलवर त्या वेळी अख्खा वाशीम जिल्हा दोन बोटांच्या जागेत मावला होता. एवढ्या लांबून पाहताना ॲपमधलं विमानाचं चित्र जमिनीवरची दहा-पंधरा किलोमीटर जागा झाकतं. खऱ्या मापाने काढलं असतं तर ते दिसलंही नसतं. शिवाय स्क्रीन सपाट, तिच्यावर उंची कळत नाही. विमानावर बोट ठेवलं तर आकडा येतो. ठेवलं. उत्तरेकडे निघालेलं ३४,००० फुटांवर होतं, पूर्वेकडे निघालेलं ३७,००० फुटांवर. दोघांच्या मधे नऊशे मीटरहून जास्त मोकळी जागा.

काकांचं समाधान झालं. पण ही मोकळी जागा ठेवली कोणी, हा खरा प्रश्न त्यानंतरच सुरू होतो. बऱ्याच जणांना वाटतं की वैमानिक समोर बघत असतो आणि दुसरं विमान दिसलं की बाजूला घेतो. जेट विमानांच्या बाबतीत या भरवशावर राहून चालतच नाही. ताशी ८५० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन विमानं दर सेकंदाला साधारण ४७० मीटर जवळ येतात. दहा किलोमीटरवर दुसरं विमान नजरेला पडलंच, तर हातात उरतात वीसेक सेकंद. त्यात ते ओळखायचं, ते आपल्याकडेच येतंय हे समजून घ्यायचं आणि शे-दीडशे माणसांनी भरलेलं यंत्र वळवायचं. म्हणून वेळेवर चुकवायची पाळीच येऊ द्यायची नाही, असं ठरवलेलं आहे. दोन विमानांच्या मधे किती जागा रिकामी राहिली पाहिजे याचे नियम आहेत, आणि ती जागा राखणं हे जमिनीवर बसलेल्या माणसाचं काम. त्याला एअर ट्रॅफिक कंट्रोलर म्हणतात. आपल्या देशात हे काम मुख्यतः एअरपोर्ट्स ॲथॉरिटी ऑफ इंडियाकडे आहे.

जागा राखायच्या तऱ्हा दोन. उंचीत एक हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर. नाहीतर आडव्यात पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. रडारच्या नजरेखाली उडणाऱ्या दोन विमानांत या दोन्हींपैकी एक तरी अंतर कायम असलंच पाहिजे. उंचीचं अंतर असेल तर एक विमान दुसऱ्याच्या अगदी डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, आणि काकांना दिसलं ते हेच. विमानतळाजवळ वेग कमी असतो, रडारचं चित्र जास्त नेमकं असतं, तिथे आडवं अंतर तीन मैलांपर्यंत आणता येतं. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे सुटतात, त्यामुळे त्याच्या मागे छोटं विमान असेल तर उतरताना हे अंतर पुन्हा वाढवावं लागतं.

आता हे हजार फूट मोजायचे कशावरून? मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट ही. विमानातलं उंचीमापक उंची मोजतच नाही. ते बाहेरच्या हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा हिशेब लावतं, कारण वर जावं तसा दाब कमी होतो. पण दाब रोज बदलतो, गावोगावी बदलतो. त्यात आमचा विदर्भ. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास टेकला की हवा फुगते, आणि उंचीमापक ३५,००० फूट दाखवत असताना विमान प्रत्यक्षात त्याहून बरंच वर असतं. मग भरवसा कसा ठेवायचा?

उपाय साधा आणि भलताच हुशारीचा आहे. ठरावीक उंचीच्या वर गेलं की जगातलं प्रत्येक विमान आपल्या उंचीमापकात १०१३.२५ हेक्टोपास्कल हा दाबाचा एकच आकडा लावतं. त्या दिवशी खालचा खरा दाब काहीही असो. त्यामुळे प्रत्येकाचा आकडा चुकतो, पण सारखाच चुकतो. तुम्ही आणि मी दोघेही चारशे मीटरने चुकलो, तर आपल्या दोघांतलं अंतर जिथल्या तिथे राहतं. वरच्या आभाळात जमिनीपासूनची खरी उंची कोणालाच नको असते, दुसऱ्या विमानापासूनची हवी असते. म्हणूनच तिथे '३५,००० फूट' असं न म्हणता 'फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झिरो' म्हणतात. उतरताना मात्र धावपट्टी जिथे आहे तिथेच लागणार, तेव्हा त्या विमानतळावरचा त्या वेळचा दाब विचारून घ्यावा लागतो. आजकाल विमानात जीपीएस असतं, तरी उंचीचे थर अजून दाबावरूनच ठरतात.

पूर्वी २९,००० फुटांच्या वर हे अंतर दोन हजार फुटांचं होतं. तिथे हवा इतकी विरळ की दाबातला फरक जुन्या उपकरणांना नीट पकडता येत नसे. उपकरणं सुधारली, विमानांची तपासणी कडक झाली आणि २००३ साली भारतावरच्या आकाशातही २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात हजार फुटांचा नियम आला. आधी जिथे सात थर बसत होते तिथे तेरा झाले. ज्या विमानाची उंची राखण्याची यंत्रणा या कसोटीला उतरत नाही, त्याला या पट्ट्यात एरवी प्रवेश नसतो.

थरांची वाटणी दिशेवरून होते. होकायंत्रावर शून्य ते १७९ अंश, म्हणजे ढोबळमानाने पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम थर: ३३, ३५, ३७ हजार. उरलेल्यांना सम: ३४, ३६, ३८. म्हणजे समोरासमोर येणारी विमानं मुळात एका थरात भेटतच नाहीत. इथपर्यंत वाचून वाटेल, संपलं की सगळं, आता माणूस कशाला हवा?

माणूस लागतो तो आमच्या कारंज्यासारख्या जागी. नकाशावर पट्टी ठेवा आणि दिल्ली ते बंगळुरू रेघ मारा. मग मुंबई ते कोलकाता मारा. दोन्ही रेघा वाशीम जिल्ह्यात, कारंजा-मंगरुळपीरच्या आसपास एकमेकींना कापतात. प्रत्यक्ष हवाई मार्ग थोडे वाकडे असतात, पण चित्र हेच. देशाच्या मधोमध असण्याचे हे भोग म्हणा की मान. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. आज ती विमानं नागपूरला थांबत नाहीत, वरून जातात. पण जातात इथूनच.

आता नियम लावून बघा. मुंबईहून कोलकात्याला जाणारं विमान पूर्वेकडे चाललंय, त्याला विषम थर. दिल्लीहून बंगळुरूला जाणारं नाकासमोर दक्षिणेला जातं असं वाटतं, पण बंगळुरू दिल्लीपेक्षा किंचित पूर्वेला आहे. दिशा येते १७८ अंशांच्या आसपास. म्हणजे त्यालाही विषम थर! दोघांनीही ३५,००० फूट मागितले आणि दोघंही एकाच मिनिटाला कारंज्यावर पोचणार असतील, तर नियमाच्या पुस्तकात त्यांना वेगळं करणारं काही नाही.

कंट्रोलरच्या पडद्यावर हे कसं दिसतं? आपल्या ॲपसारखं रंगीत नाही. काळपट पडद्यावर मार्गांच्या फिक्या रेघा, आणि प्रत्येक विमानाशेजारी दोन-तीन ओळींची चिठ्ठी: विमानाचं नाव, थर, चढतंय की उतरतंय, वेग. ठिपक्यातून पुढे एक रेघ काढता येते. विमान असंच गेलं तर काही मिनिटांनी कुठे असेल ते ती दाखवते. ही माहिती विमानातला ट्रान्सपॉन्डर पुरवतो. जमिनीवरचं रडार विचारतं, तो उत्तर देतो. त्यात चार आकडी कोड असतो, प्रत्येक आकडा शून्य ते सात, म्हणून एकूण ४,०९६ कोड. त्यातले काही राखीव आहेत: ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला, ७५०० म्हणजे अपहरण. याखेरीज नव्या विमानांतून जीपीएसने काढलेली स्वतःची जागा न विचारताच सतत प्रसारित होत असते. आपल्या मोबाइलवरचं ॲप मुख्यतः हेच प्रसारण पकडून चालतं.

तर दोन्ही विमानांच्या पुढच्या रेघा कारंज्यावर भिडताना कंट्रोलरला दहा-बारा मिनिटं आधी दिसतात. तेव्हा ती एकमेकांपासून दोनशे-अडीचशे किलोमीटर दूर आहेत, दोन्हींतले प्रवासी जेवण उघडून बसलेत, घाई कसलीच नाही. कंट्रोलरपुढे तीन-चार वाटा असतात. एकाला ३३,००० वर उतरवावं किंवा ३७,००० वर चढवावं. पण त्या थरात आणखी कोणी येत नाही ना, आणि भरलेल्या टाक्यांनिशी एवढं वर चढणं विमानाला झेपेल ना, हे बघावं लागतं. एकाचा वेग थोडा कमी करावा. पण याचा परिणाम हळू होतो, म्हणून बराच आधी सांगावं लागतं. नाहीतर एकाला दहा-पंधरा अंश वळवून दुसऱ्याच्या मागून काढावं. मागून, पुढून नाही. पुढून काढताना अंदाज चुकला तर अंतर कमी होत जातं, मागून काढताना चुकला तरी समोरचं विमान आपणहून दूर जात असतं.

हिशेब करायचा तर असा. विमान मिनिटाला साधारण १४ किलोमीटर जातं. काटकोनात छेदणाऱ्या दोन मार्गांवर एक विमान दुसऱ्याच्या नेमकं एक मिनिट मागे असेल, तर दोघं जास्तीत जास्त जवळ येतील तेव्हा त्यांच्यात १० किलोमीटर अंतर असेल. सव्वानऊच्या नियमात बसलं, पण जेमतेम. कोणताही शहाणा कंट्रोलर इतकं काठावर ठेवत नाही. वरचा वारा जरा जोराने लागला की मिनिटाचं पाऊण मिनिट व्हायला वेळ लागत नाही. तो सरळ थर बदलून मोकळा होतो.

मग रेडिओवर जे बोलणं होतं ते ऐकायला फार रुक्ष वाटेल. 'डिसेंड फ्लाइट लेव्हल थ्री थ्री झिरो.' वैमानिकाने नुसतं 'बरं' म्हणून चालत नाही. तो अख्खा हुकूम पुन्हा म्हणून दाखवतो, शेवटी विमानाचं नाव लावतो, आणि तो बरोबर म्हणाला की नाही हे कंट्रोलरने कान देऊन ऐकायचं असतं. आकडे मुद्दाम सुटे सुटे उच्चारतात, नऊला 'नाइन' न म्हणता 'नाइनर' म्हणतात, खरखरीत एकाचं दुसरं ऐकू येऊ नये म्हणून. या सगळ्या कोरडेपणात आपल्याकडे एक गोष्ट मात्र टिकून आहे. नव्या कंट्रोलरशी पहिल्यांदा बोलताना आपले वैमानिक सर्रास 'नमस्कार' म्हणतात, आणि पलीकडूनही नमस्कार येतो.

नवा कंट्रोलर म्हणजे काय, तर आकाशाचे तुकडे पाडलेले आहेत. देशाचे मोठे विभाग चार: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. आपलं आकाश मुख्यतः मुंबईच्या विभागात मोडतं. विभागांचे पुन्हा छोटे सेक्टर. विमान एका सेक्टरमधून दुसऱ्यात जाताना आधीच्या कंट्रोलरने ते पुढच्याच्या हवाली करायचं, कोणत्या थरावर देतोय ते ठरलेलं असायचं आणि मग वैमानिकाला नवी फ्रिक्वेन्सी सांगायची. दिल्लीहून बंगळुरूला जाणारं विमान दिल्ली, मुंबई आणि चेन्नई अशा तीन विभागांतून जातं, मधले सेक्टर वेगळेच.

रडार नसेल तिथे काय? अरबी समुद्रावर लांब गेलं की जमिनीवरचं रडार पोचत नाही. तिथे रेल्वेच्या जुन्या एकेरी मार्गासारखा कारभार चालतो: पुढच्या स्टेशनातून 'लाइन क्लियर' आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. वैमानिक ठरलेल्या बिंदूवरून गेल्याची वेळ आणि पुढच्या बिंदूवर पोचण्याची वेळ कळवतो, आणि कंट्रोलर त्या हिशेबाने एका थरात दोन विमानांमधे दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवतो. दहा मिनिटं म्हणजे १४० किलोमीटर. दिसत नाही म्हणून एवढी जागा वाया घालवावी लागते. आता उपग्रहामार्फत विमानाची जागा आपोआप कळते, तशी समुद्रावरची अंतरंही कमी होत चालली आहेत.

जमिनीवर रडार असूनही कंट्रोलरच्या अंगाला घाम फुटतो तो मे-जूनमध्ये. वळवाच्या पावसाचे ढग आपल्याकडे ५०,००० फुटांपर्यंत चढतात. त्यांच्या वरून प्रवासी विमान जाऊ शकत नाही आणि आतून कोणी जात नाही. मग एक वैमानिक म्हणतो डावीकडे वीस मैल द्या, दुसरा म्हणतो उजवीकडे तीस. नीट आखलेले मार्ग तासाभरापुरते मोडीत निघतात आणि सगळी विमानं दोन ढगांमधल्या त्याच एका फटीतून जायला मागतात. वीज कडाडली की आपण बैल गोठ्यात घेतो, तेव्हा वर हे चाललेलं असतं.

हे नियम कागदावर बसून सुचलेले नाहीत. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांतलं एकही वाचलं नाही. हवेतल्या टकरींमध्ये याहून मोठा अपघात आजवर झालेला नाही. बोइंग दिल्लीहून वर चढत होतं, त्याला १४,००० फुटांपर्यंतची परवानगी होती. इल्युशिन दिल्लीला उतरायला येत होतं, त्याला १५,००० वर थांबायला सांगितलं होतं. मधे हजार फूट, म्हणजे कंट्रोलरचं गणित बरोबर. समोरून विमान येतंय हेही त्याने इल्युशिनला कळवलं होतं. इल्युशिन १५,००० वर थांबलं नाही, खाली येत राहिलं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसत नव्हतं. त्यामुळे विमान थर सोडून खाली आल्याचं कंट्रोलरला कळायला मार्गच नव्हता. इल्युशिनच्या वैमानिकांचं इंग्रजी कच्चं होतं. आणि जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना आकाशात एकच अरुंद पट्टा मोकळा होता. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, आणि भारतात येणाऱ्या मोठ्या विमानांना टक्कर टाळणारं उपकरण सक्तीचं झालं.

हे उपकरण म्हणजे टीकॅस. ते जमिनीवरच्या कोणावरही अवलंबून नाही. विमानातला टीकॅस आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला स्वतः विचारतो आणि टकरीला किती सेकंद उरलेत याचा हिशेब ठेवतो. पाऊण मिनिटाच्या आसपास उरलं की 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असा आवाज. त्यानंतरही धोका टळला नाही तर थेट हुकूम: एकाला 'क्लाइंब, क्लाइंब', दुसऱ्याला 'डिसेंड, डिसेंड'. दोन्ही विमानांतले टीकॅस आपसात ठरवून उलट दिशा देतात, म्हणून दोघंही वर किंवा दोघंही खाली असं होत नाही.

पण त्याच वेळी कंट्रोलरने उलटं सांगितलं तर? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनवर हेच झालं. रशियाच्या टुपोलेव्ह विमानाला टीकॅस वर जा म्हणत होता, कंट्रोलर खाली ये म्हणत होता. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरच्या मालवाहू बोइंगने यंत्राचं ऐकलं आणि तेही खाली आलं. ७१ जीव गेले, त्यांत बरीच शाळकरी मुलं. त्या रात्री कंट्रोलर दोन पडदे एकटाच सांभाळत होता. तेव्हापासून जगभर एकच पक्का नियम आहे: टीकॅसचा हुकूम आला की कंट्रोलर काहीही म्हणो, ऐकायचं टीकॅसचं. वैमानिकाने फक्त 'टीकॅस आरए', म्हणजे टीकॅसचा हुकूम आलाय, एवढं कळवायचं आणि कंट्रोलरने त्या विमानाला हुकूम देणं थांबवायचं, वैमानिक 'क्लियर ऑफ कॉन्फ्लिक्ट' म्हणेपर्यंत. माणूस की यंत्र या वादात मी एरवी माणसाच्या बाजूने असतो. त्या शेवटच्या तीस सेकंदांत मात्र नाही.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, ती पंख्याच्या एटीआर विमानाने. एटीआर फार तर २५,००० फुटांपर्यंत चढतं, त्यामुळे वरच्या दिल्ली-बंगळुरूवाल्यांशी त्याची गाठ पडत नाही. त्याची जुळवाजुळव खालच्या थरातल्या, नागपूरला चढणाऱ्या-उतरणाऱ्या विमानांशी करावी लागते. गोंदियाजवळ बिरसीला तर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं आणखी खाली फिरत असतात.

बिरसीचं नाव निघालंच आहे तर हेही सांगतो, कारण गावातली पोरं विचारतात. तिथे एअरपोर्ट्स ॲथॉरिटीची एक प्रशिक्षण संस्था आहे आणि कंट्रोलर घडवण्याचं काम तिथेही होतं. प्रयागराज आणि हैदराबादला तर आहेच. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी झालेल्याला किंवा इंजिनियरला कंट्रोलरच्या 'ज्युनियर एक्झिक्युटिव्ह' या पदाची परीक्षा देता येते, पायलटसारखे लाखो रुपये मोजावे लागत नाहीत. डोळे-कान तपासतात, इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा असते, रात्रपाळ्या असतात. आणि मिळालेला अधिकार त्या ठिकाणापुरताच असतो. नागपूरला कितीही वर्षं काम केलेलं असो, मुंबईला बदली झाली की तिथल्या पडद्यासमोर आधी जुन्या माणसाच्या शेजारी शिकाऊ म्हणूनच बसावं लागतं.